कॉम्प्युटर सुरूच होत नाही? आतल्या फायली अशा बाहेर काढा

कॉम्प्युटर बंद पडला की घरात पहिला प्रश्न येतो: फोटो गेले का? बहुतेक वेळा गेलेले नसतात. आमच्या घरचा जुना डेस्कटॉप आणि पुढे बहिणीचा लॅपटॉप अशा दोन्हींतून फायली काढून झाल्या, तेव्हापासून सोसायटीतलं कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतेय. तुम्हाला यातलं काहीही येत नाही असं धरूनच लिहिलंय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तुमच्या फायली असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क). स्क्रीन, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, बॅटरी, रॅम यांपैकी काहीही गेलं तरी डिस्क बहुधा शाबूत असते. मशीन दुरुस्त करणं आणि फायली वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि फायलींचं काम आधी करायचं. दुरुस्तीवाल्याला तुमचं मशीन चालू करून द्यायचं असतं. त्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकणे’, आणि बरेच फोटो तिथेच जातात.

१. सुरुवातीला काय करू नये

पुन्हा पुन्हा बटण दाबून सुरू करून बघू नका. डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि थेट आठव्या पायरीवर जा. अशी डिस्क जितका वेळ फिरेल तितका डेटा कमी हाती लागेल.

पाणी गेलं असेल तर मुळीच सुरू करू नका. मुंबईत हे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांत सीपीयू पाण्याखाली गेले असतील याचा विचार करा. भिजलेल्या मशीनला हेअर ड्रायर लावू नका, डिस्क तांदळाच्या डब्यात ठेवू नका. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलं की वाळल्यावर गाळ आतल्या फिरत्या तबकडीवर चिकटतो. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडे, म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

‘रिपेअर’, ‘रिसेट धिस पीसी’, ‘चेक डिस्क’ असले पर्याय स्क्रीनवर आले तर तेही लगेच दाबू नका. हे पर्याय डिस्कवर लिहितात. आपल्याला आत्ता डिस्कवरून फक्त वाचायचं आहे.

२. नक्की काय गेलंय ते बघा

यावर थोडा वेळ घालवा, कारण अर्ध्या केसेस इथेच सुटतात.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखासुद्धा फिरत नाही: वीजपुरवठ्याचा प्रश्न आहे. दुसरा प्लग, दुसरी वायर लावून बघा. लॅपटॉप असेल तर त्याच वॅटचा दुसरा चार्जर मिळतो का बघा. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून सुरू करा. डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, गेलेला असणं अगदी नेहमीचं.

पंखा फिरतो, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी: लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर फक्त स्क्रीन गेलीय. पेन ड्राइव्ह लावा, फायली घ्या, काम संपलं. चित्र आलं नाही, बीप-बीप आवाज येतोय, तर रॅम काढून तिचे सोनेरी पाय शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुसा झटका आणि घट्ट बसवा. समुद्राकाठच्या दमट हवेत या पायांवर थर चढतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातले कारागीरही सुरुवात याच उपायाने करतात.

कंपनीचं नाव येतं, पण विंडोज येत नाही, निळी स्क्रीन येते किंवा गोल फिरतच राहतं: विंडोज बिघडलंय किंवा डिस्क कुरकुरतेय. चौथी पायरी तुमच्यासाठी.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा मजकूर येतो: डिस्क सापडत नाहीये. सुरू होताना सेटअपमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनच्या सेटिंगची स्क्रीन, बायोस) जाऊन तिथे डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत असेल तर आशा बरीच आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटण-सेल उतरला की सेटिंग विसरली जातात आणि तारीख मागे जाते. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो बदलून सेटअपमध्ये डिस्क पुन्हा निवडली की कधी कधी मशीन जसंच्या तसं सुरू होतं.

३. हे सामान जमवा

- चालू असलेला दुसरा कॉम्प्युटर. शेजाऱ्यांचा, भाच्याचा, कुणाचाही.
- फायली ठेवायला रिकामी एक्स्टर्नल डिस्क, जुन्या डिस्कपेक्षा मोठी.
- किमान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह. त्यातलं सगळं पुसलं जाणार, तेव्हा आधी रिकामा करा.
- बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर, आणि स्क्रू ठेवायला खणांचा डबा. लॅपटॉपचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कुठला कुठून निघाला याचा मोबाइलवर फोटो काढत जा.
- डिस्कच्या जातीप्रमाणे केसिंग किंवा कन्व्हर्टर, म्हणजे काढलेली डिस्क यूएसबीने जोडायचा डबा किंवा वायर. कुठलं ते पाचव्या पायरीत.
- कागदपत्रांत: मशीनचं बिल, वॉरंटी कार्ड, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खात्याचा ईमेल-पासवर्ड, आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. कॉम्प्युटर घरातल्या गेलेल्या माणसाचा असेल तर त्यांचं सिम कार्ड लगेच बंद करू नका. खात्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो नंबर गेला की डिस्क हातात असूनही कुलूप उघडत नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर मशीन उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. तिथे देताना ‘डिस्क फॉरमॅट करू नये, बदलल्यास जुनी परत द्यावी’ हे जॉब शीटवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कामाचं नाही. जुनी डिस्क परत मिळणार नाही असं ते म्हणाले तर फायली आधी काढून मगच मशीन द्या.

४. डिस्क न काढता: पेन ड्राइव्हवरून लिनक्स

विंडोज बिघडलंय पण मशीन सुरू होतंय, तर हा मार्ग सगळ्यात स्वस्त. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या तिच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एका फाइलमध्ये) त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवा आणि रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवा. रूफसमध्ये वर जो ड्राइव्ह निवडलेला दिसतो तो पेन ड्राइव्हच आहे ना, हे दोनदा बघा.

पेन ड्राइव्ह बिघडलेल्या मशीनला लावा आणि सुरू करताना बूट मेन्यूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. हा सगळा पेन ड्राइव्हवरून चालतोय, तुमच्या डिस्कला हात लागलेला नाही.

इथला मोठा सापळा: स्क्रीनवर ‘इन्स्टॉल’ असं लिहिलेलं एक चित्र असतं. त्यावर क्लिक करायचं नाही. उबुंटू विचारतं तिथे ‘ट्राय’ निवडायचं. इन्स्टॉल केलं तर डिस्क पुसली जाऊ शकते.

फाइल मॅनेजर उघडा, डाव्या बाजूला तुमची डिस्क दिसेल. एक्स्टर्नल डिस्क लावा आणि कॉपी करा. कट करून हलवू नका. डिस्क ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडली असं दिसलं तर काळजी नको. विंडोज नीट बंद झालं नव्हतं म्हणून तसं होतं, आणि आपल्याला वाचायचंच आहे.

५. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणे

मदरबोर्ड गेला असेल तर हाच उपाय. आधी चार्जर आणि वायरी काढा. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. अंगातली स्थिर वीज उतरायला एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा.

आता डिस्क ओळखायची. डेस्कटॉपमधली साडेतीन इंची, जाड पुस्तकासारखी वजनदार. लॅपटॉपमधली अडीच इंची, तळहाताएवढी. दोन्हींना बहुधा साटा जोडणी असते. फार जुन्या मशीनमध्ये रुंद पट्टीची आयडीई केबल दिसेल. तिला वेगळा कन्व्हर्टर लागतो. नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची, च्युइंग गमच्या पट्टीएवढी सपाट एसएसडी असते, एका स्क्रूवर बसवलेली.

अडीच इंचीला साधं साटा-यूएसबी केसिंग चालतं, काही शे रुपयांत मिळतं. साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेलंच घ्यावं लागतं, कारण यूएसबीतून फक्त ५ व्होल्ट येतात. नुसतं साधं केसिंग लावून ‘डिस्क मेली’ असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. डिस्कला फक्त वीज पुरत नव्हती. एम.२ मध्ये पुन्हा दोन जाती, साटा आणि एनव्हीएमई. जोडणीच्या कडेला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. स्टिकरवर लिहिलेलं असतंच. एकाचं केसिंग दुसऱ्याला चालत नाही, म्हणून दोन्ही चालणारं मागा.

मुंबईत हे सामान घ्यायला लॅमिंग्टन रोड. पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पूर्वेला या, चालत काही मिनिटं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. डिस्क सोबत न्या, किंवा निदान तिच्या दोन्ही बाजूंचे आणि जोडणीचे फोटो. काउंटरवर डिस्क लावून दाखवायला सांगा. दुकानदार त्यांच्या पीसीला जोडतो, ड्राइव्ह दिसला की लगेच कळतं, आणि केसिंग चुकीचं निघालं तर तिथेच बदलून मिळतं. पक्कं बिल घ्या.

लोकलमध्ये नेताना डिस्क बबल रॅपमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधल्या कप्प्यात ठेवा आणि बॅग पुढे घ्या. वरच्या रॅकवर टाकू नका.

दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरला जोडल्यावर तीन गोष्टी घडू शकतात. ड्राइव्ह दिसला आणि फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं, तर ‘कन्टिन्यू’ दाबा आणि थांबा, वेळ लागतो. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर ‘कॅन्सल’, नेहमी ‘कॅन्सल’. असं विचारण्याचा अर्थ विंडोजला डिस्कची मांडणी वाचता येत नाहीये एवढाच. आणि किल्ली मागितली तर पुढची पायरी वाचा.

६. कुलूप लागलेली डिस्क

विंडोजचं बिटलॉकर डिस्क कुलूपबंद ठेवतं. तुम्ही कधी लावलं नसेल तरी लागलेलं असू शकतं, कारण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन-इन करताच ते अनेकदा आपोआप चालू होतं. उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते, सहा-सहा अंकांचे आठ गट. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साइन-इन करा, डिव्हाइसेसमध्ये तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली की असते. स्क्रीनवर दिसणारा की-आयडी आणि खात्यातला आयडी जुळतो का बघा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर की ऑफिसच्या आयटी विभागाकडे मिळेल. कुठेच नसेल तर ती डिस्क उघडून देणारा दुकानदार नाही. ‘तोडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मॅकचं थोडक्यात: २०१८ पासूनच्या टी२ चिपच्या आणि २०२० पासूनच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डवरच पक्की असते आणि त्या चिपशी बांधलेली असते. काढून दुसरीकडे लावता येत नाही. तिथे बोर्डच दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) किंवा आयक्लाउडमध्ये प्रत आहे का, ते त्याआधी बघा.

७. फायली नेमक्या कुठे असतात

सी ड्राइव्हमध्ये युजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. हा अख्खा नावाचा फोल्डरच उचला. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप त्याच नावाच्या फोल्डरच्या आत गेलेला असतो. डेस्कटॉप रिकामा दिसला तर तिथे बघा. डी ड्राइव्ह विसरू नका. आपल्याकडे कॉम्प्युटर लावून देणारे ‘महत्त्वाचं डीमध्ये ठेवा’ असं सांगून जातात आणि घरातल्या मोठ्या माणसांनी ते मनापासून पाळलेलं असतं.

सुटून जाणाऱ्या गोष्टी अशा: टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा फोल्डर, आउटलुकमधले ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क.

आणि मराठी फॉन्ट. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी तशीच दिसण्याची आजची पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचं. माझ्या सासऱ्यांचं सगळं लिखाण, मंडळाचे अहवाल, पत्रं, कुलवृत्तांत, तशाच फॉन्टमध्ये होतं. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो आणि वाटतं, फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत असते, फॉन्ट नसतो. म्हणून सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स हा फोल्डरही कॉपी करून ठेवा. तोच फॉन्ट नव्या मशीनवर टाकला की मजकूर दिसतो, आणि नंतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलता येतो. श्रीलिपीच्या काही आवृत्त्यांना यूएसबीचं डाँगल लागायचं. ते कपाटात कुठे पडलं असेल तर तेही जपून ठेवा.

कॉपी करताना ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाईना, तर एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली आहे. लग्नाच्या व्हिडिओंना हे हमखास होतं. ती रिकामी असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून पुन्हा सुरू करा. फॉरमॅट नव्या डिस्कला करताय, जुनीला नाही, हे बघून मगच बटण दाबा.

८. डिस्कच खराब असेल तर

कॉपी मध्येच अडकते, वेग एकदम पडतो, पण आवाज नाही: अत्यावश्यक आणि लहान फायली आधी घ्या, मोठे व्हिडिओ शेवटी. लिनक्स जमत असेल तर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते अख्ख्या डिस्कची प्रत बनवतं: आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतं. मग शोधाशोध त्या प्रतीवर करायची.

फायली चुकून डिलीट झाल्यात किंवा फॉरमॅट झालाय: टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन मोफत साधनं चांगली आहेत. फोटोरेक फायलींची मूळ नावं परत देत नाही, फोटो मात्र देतं. सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर कधीही ठेवू नका. एसएसडीबाबत आशा कमी ठेवा: ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिलीट केलेला भाग एसएसडी स्वतःच मोकळा करून टाकते.

टक-टक आवाज, किंवा डिस्क पडली आहे: घरगुती उपाय बंद. हार्ड डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. झाकण उघडून आत धूळ गेली की खेळ संपला. फ्रीजरमध्ये ठेवू नका. ‘खालचा सर्किट बोर्ड दुसऱ्या डिस्कचा लावून देतो’ असं कुणी म्हटलं तर विचारा, जुन्या बोर्डवरची रॉम चिप काढून नव्यावर लावणार का? आजच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कची खास माहिती त्या चिपमध्ये असते, नुसता बोर्ड बदलून चालत नाही. या प्रश्नाला जो गोंधळतो त्याच्याकडे डिस्क ठेवू नका.

९. रिकव्हरीवाल्याकडे जाताना

डिस्क देण्याआधी तिच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि तोच नंबर पावतीवर लिहून घ्या. मग हे विचारा: तपासणीचे पैसे किती? डेटा नाही मिळाला तर किती द्यायचे? काम इथेच होतं की बाहेर पाठवता? डोनर डिस्क (सुटे भाग काढायला लागणारी तशीच दुसरी डिस्क) लागली तर तिचे पैसे वेगळे का? पूर्ण पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी दाखवाल का? मूळ डिस्क परत मिळेल का? तुमच्याकडची प्रत किती दिवसांनी पुसाल?

चांगला माणूस यातल्या एकाही प्रश्नावर चिडत नाही. डिस्क न बघताच ‘शंभर टक्के मिळेल’ म्हणणाऱ्याकडून परत फिरा. तुम्हाला नेमकं काय हवं आहे तेही लिहून द्या, ‘२०१२ ते २०१६ चे फोटो आणि डॉक्युमेंट्स’ असं. मोघम ‘सगळं’ म्हटलं की सिनेमे मिळतात आणि फोटो राहतात.

साध्या कामासाठी, म्हणजे डिस्क चांगली आहे आणि फक्त कॉपी करायची आहे, तर समोर बसून करून घ्या. आधार, पॅन, बँकेचे कागद, घरच्यांचे फोटो असं सगळं त्यात असतं. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, स्वतः टाइप करा आणि काम झालं की बदला.

१०. काम झाल्यावर

कॉपी झाली यावर लगेच विश्वास ठेवू नका. जुन्या आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि आकार जुळतो का बघा. मग प्रत्येक वर्षातले दोन-चार फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत, एखादी एक्सेल फाइल उघडून बघा. करड्या पट्ट्यांचे फोटो दिसले तर ती फाइल पुन्हा कॉपी करा. जमलं की लगेच आणखी एका ठिकाणी प्रत ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरी.

जुनी डिस्क काही महिने तशीच राहू द्या. कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट, वर तारीख आणि ‘पुसू नये’ असं लिहून. राहिलेलं एखादं फोल्डर हटकून नंतर आठवतं.

मशीन भंगारवाल्याला किंवा ई-कचऱ्यात देताना डिस्क आधी काढून घ्या. डिस्क चालू असेल तर पूर्ण पुसून द्या. बंद असेल तर तबकडीच्या हार्ड डिस्कला ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडलेली पुरतात. एसएसडीला तसं चालत नाही, भोक चिपच्या बाजूने जाऊ शकतं. झाकण उघडून प्रत्येक काळी चिप फुटली आहे हे डोळ्यांनी बघा, मगच हातावेगळी करा.